सकाळी लाकूड, दुपारी माणूस

वैशाखातल्या एका सकाळी मी उठायला गेले आणि उठलेच नाही. डोळे उघडलेले, डोकं ठिकाणावर, कोंबडा ओरडतोय तो ऐकू येतोय, चहाची तलफ आलेली, सगळं जागच्या जागी. फक्त अंग हलेल तर शपथ. कुशीवर वळायला गेले तर दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे असे धरलेले की कोणीतरी मला खाटेला खिळे मारून ठोकलंय. मी ह्यांना हाक मारली. हे म्हणजे आमचे यजमान. उभी हयात मुंबईच्या छापखान्यात घालवून आता पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत परत आलेले, आणि आल्यापासून सकाळी माझ्याआधी उठायचं नाही हा एकच नेम कडकडीत पाळणारे.

"अहो, मला उठवा."

"मला रोज तूच उठवतेस," हे पांघरुणातून म्हणाले.

शेवटी आले, हाताला धरून ओढलं, मी अशी किंचाळले की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून गेले. साडी नेसताना पदर खांद्यावर टाकायचा तर हात खांद्यापर्यंत जाईना. आणि मजा बघा, दुपारचे बारा वाजले नि मी चालती-बोलती! पाट्यावर वाटण वाटलं, हंडा उचलला, कोंबड्यांमागे धावले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाकूड.

हेच माझं मोठं दुर्दैव. दिवसभर कण्हत पडलेल्या बाईला माणसं पेज आणून देतात. सकाळी लाकूड आणि दुपारी माणूस असणाऱ्या बाईकडे माणसं तिरक्या नजरेनं बघतात. माझी धाकटी जाऊ आमच्या शेजारच्याच घरात राहते. तिची जीभ म्हणजे उचलली की टाळ्याला लावली. ती एका सकाळी ओटीवर टेकली आणि म्हणाली, "ताई, तुमचं दुखनं लय शहानं हाय गो. भाकऱ्या थापायच्या वक्ताला येतं नि जेवायच्या वक्ताला जातं."

मला इतका राग आला की उठून तिला चार शब्द सुनवावेत, पण सकाळ होती, उठता येईना. बसल्या जागेवरून सुनवले.

मग उपाय सुरू झाले. कोणी म्हणालं वारा भरलाय, कोणी म्हणालं थंड पाण्यात राबल्याचं फळ. निर्गुडीच्या पाल्यानं शेकून झालं, तेल चोळून झालं. एकानं सांगितलं, वय झालं, आता असंच चालायचं. हे सगळ्यात वाईट औषध, कारण ते फुकट मिळतं आणि सगळे देतात. माझं वय सत्तरीला टेकलेलं आहे, मान्य. पण वय काय एका रात्रीत होतं का हो? आदल्याच रात्री मी ह्याच हातांनी माळ्यावरची आंब्याची अढी उतरवली होती!

सगळ्यात मोठी पंचाईत केसांची. हात डोक्याच्या मागे जाईनात, म्हणजे वेणी नाही, अंबाडा नाही. दोन दिवस तशीच झिंज्या सोडून बसले. तिसऱ्या दिवशी हे फणी घेऊन माझ्या मागे येऊन बसले. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून ह्या घरात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, तो फणी घेऊन! मी म्हटलं, "जमेल का?" तर म्हणाले, "उमेदीत मी छापखान्यातले खिळे जुळवलेत. एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ सरळ आणायची असते. तुझा भांग काय आहे त्यापुढे."

पहिला अंबाडा चहा संपायच्या आत मानेवर उतरला. दुसऱ्या दिवशीचा कानावर आला. पण आठवड्याभरात माणसानं हात बसवला. भांग असा सरळ की मी आरशात बघत राहिले. गुंता आला की शिव्या द्यायचे, मला नाही, गुंत्याला. आणि एकेक केस सोडवताना मुंबईतल्या गोष्टी सांगायचे. मालकाच्या, संपाच्या, कॅन्टीनमधल्या उसळीच्या. इतकी वर्षं हे मुंबईत आणि मी वाडीत, सुट्टीपुरते भेटायचे. ह्यातलं मला काही ठाऊकच नव्हतं. अंग ठणकत असायचं आणि मी मात्र पुढची गोष्ट कधी येते म्हणून बसलेली.

आता ह्या सगळ्यात माझ्या जिवाला घोर कसला, ते सांगते. मुलाचं लग्न गेल्या वर्षी झालं होतं. सून मुंबईची, कंपनीत कामाला, पण मूळ आमच्याच खोऱ्यातली. आमच्याकडे नवी सून गौरीपुढे ओवसा करते. नवी सुपं आणायची, सुताने गुंडाळायची, त्यात तांदूळ, फळं, काकडी, खोबऱ्याची वाटी, खारीक, सुपारी भरायची, वर दुसरं सूप झाकायचं आणि ते दोन्ही हातांनी उचलून गौरीपुढे ओवाळायचं. मग एकेक सूप थोरामोठ्यांना वाण म्हणून द्यायचं. पण नव्या सुनेचा पहिला ओवसा दरवर्षी होत नाही. पूर्वा नक्षत्रात गौर आली तरच. गेल्या वर्षी आली नव्हती. यंदा येणार होती. यंदा हुकलं तर पुन्हा गौर पूर्वात कधी येईल तेव्हा.

आणि आमच्या घरची रीत अशी की आधी सासूनं ओवसायचं, तिच्यामागून सुनेनं. दुसऱ्या वाडीत सूप छातीपर्यंत उचललं तरी भागतं. आम्ही पडलो मानाचे, आमचं सूप गौरीच्या मुकुटापर्यंत जायला लागतं, पाच वेळा. सासूला जमलं नाही तर भावकीतली दुसरी सवाष्ण तिच्या जागी उभी राहते. आणि ज्या हातामागून सुनेचा पहिला ओवसा होतो, त्या घरी तिचं पहिलं वाण जन्मभर जातं. दर गौरीला.

जाऊबाईनं ज्येष्ठातच सांगून टाकलं, "काय काळजी करू नका ताई. तुम्ही खुर्चीवर बसा. मी उभी राहीन."

खुर्चीवर बसा! मला मुलगी नाही. एकच मुलगा, एकच सून. ती घरात आली तेव्हा मला म्हणाली होती, आई, मला काही येत नाही, तुम्ही शिकवा. ती मला माझ्या हातामागून हवी होती. जाऊबाईच्या नाही, कोणाच्याच नाही. ही हाव असेल तर असो. पण सकाळी माझे हात माझ्या स्वतःच्या कपाळाला कुंकू लावायला वर जात नव्हते. मुकुट तर लांबच राहिला.

आषाढात ह्यांनी मला महाडला एका डॉक्टरणीकडे नेलं. रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला मी देव आठवले, आणि हायवेच्या त्या रस्त्यावर देव पुरले नाहीत. डॉक्टरीण बाई तरुण, बोलायला गोड. तिनं गुडघे बघितले नाहीत, बोटं बघून सोडून दिली, आणि विचारलं, "आजी, सकाळी आखडलेलं किती वेळ राहतं?"

"ऊन अंगणात मधोमध येईस्तोवर."

"दोन्ही बाजूंना सारखंच? खांदे आणि मांड्यांच्या वर, खुब्यापाशी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. बाई जणू आमच्या घरात राहून गेली होती. तिनं रक्त तपासायला पाठवलं, कागद बघितला, रक्तातला सुजेचा आकडा भलताच वर होता. मग एक नाव सांगितलं. पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका. हे लगेच ताठ बसले. इतक्या मोठ्या नावाचं दुखणं आमच्या घराण्यात आजवर कोणाला झालं नव्हतं.

बाईनं समजावून सांगितलं ते मला अजून पाठ आहे. आपल्या शरीरात आपले राखणदार असतात, ते बाहेरच्या रोगाशी लढतात. म्हातारपणी कधी कधी त्यांचं डोकं फिरतं, आणि ते आपल्याच खांद्याखुब्यांवर चालून जातात. आत सूज येते, बाहेरून काही दिसत नाही. रात्रभर अंग हललं नाही की सकाळी सगळं धरतं, हालचाल झाली की सुटतं. हाडांची झीज नव्हे, वारा नव्हे, थंड पाणी नव्हे. पन्नाशीनंतरच होतं, आणि बायकांना जास्त.

"म्हणजे ढोंग नाही?" मी विचारलं.

"ढोंग कसलं? चांगलं दुखतं हे."

मला वाटलं, हिला उचलून वाडीत न्यावं आणि जाऊबाईच्या ओटीवर उभं करून हेच परत बोलायला लावावं.

गोळी दिली ती स्टिरॉइडची, थोड्या मापाची. म्हणाली, "दोन-चार दिवसांत फरक पडेल, आणि चांगला पडेल. नाहीच पडला, तर मला पुन्हा विचार करायला लागेल की दुखणं हेच की दुसरं." मग बोट वर करून बजावलं. रोज सकाळी खाऊन झाल्यावर घ्यायची. बरं वाटलं म्हणून मनानं सोडायची नाही, कमी करायची नाही. ती आम्ही हळूहळू उतरवत नेऊ, वर्ष लागेल, जास्तही लागेल. साखर आणि रक्तदाब बघत राहायचं. "आणि कधी कानशिलं ठणकली, चावताना जबडा दुखला, नाहीतर डोळ्यांपुढे अंधारलं, तर त्याच दिवशी यायचं. दरड पडली असली तरी."

हे मान डोलवत होते. ह्यांचं मान डोलवणं म्हणजे काय असतं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गोळी घेतली. दुसऱ्या सकाळी कुशीवर वळले. तिसऱ्या सकाळी मी उठले! कोंबड्याच्या आधी उठले! खाटेवर बसून हात वर केले आणि ते वर गेले, आणखी वर गेले, आणि मी आढ्याकडे बघत हसायला लागले. ह्यांना वाटलं वेड लागलं. मी ह्यांना गदागदा हलवून उठवलं, "अहो बघा! बघा हात!" आणि अंधारातच फुगडीची एक गिरकी घेतली. हे उशी छातीशी धरून भिंतीला टेकले.

त्यानंतरचे दिवस काही विचारू नका. अंगात नुसतं वारं शिरलं होतं. डॉक्टरीण बाईनं सांगितलंच होतं की ह्या गोळीनं कधी कधी भूक वाढते, झोप कमी होते, हुरूप येतो. हुरूप? मी माळा झाडला, मजघर सारवलं, गोधड्या धुतल्या आणि भर आषाढात त्या वाळवायच्या कुठे म्हणून घरभर दोऱ्या बांधल्या. हे आठवडाभर गोधड्यांतून वाट काढत जेवायला येत होते. नाचणीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या की थांबताच येईना. थापत होते आणि खातही होते. म्हशीशी बोलायचे, चुलीशी बोलायचे. जाऊबाईकडे गेले आणि तिच्या दारात दोन्ही हात वर करून उभी राहिले.  नुसती उभी राहिले आणि परत आले.

"ताईच्या अंगात आलंय," ती सगळ्यांना सांगत सुटली.

आलं होतंच! सुनेला फोन करून सांगितलं, "बिनघोर ये गो बाय. यंदा आपला ओवसा दणक्यात."

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझं कर्म मारुतीच्या देवळाच्या पारावर बसायला जायचं.

श्रावण निम्मा सरला तसं अंग पुन्हा कुरकुरायला लागलं. आधी थोडंसं, सकाळपुरतं. मी म्हटलं कामं जास्त झाली असतील. मग गोकुळाष्टमीच्या सुमाराला पदर खांद्यावर जाईना. केस पुन्हा ह्यांच्या हातात गेले. पण ह्या खेपेला हे एक गोष्ट सांगेनात. गोळी तर रोज चालू होती. पहिल्या दिवसापासून पाकीट ह्यांच्याच खिशात, म्हणून हेच चहा-भाकरीनंतर गोळी हातावर ठेवायचे आणि मी डोळे मिटून गिळायचे. मग असं का?  मनात येऊ नये ते येऊ लागलं. आपण जाऊबाईच्या दारात हात वर करून माज केला, म्हणून गौर रुसली. मी गुपचूप नारळ काढून ठेवला आणि गौरीला म्हटलं, माझं काय ते नंतर बघ, पण पोरीचा ओवसा मोडू नको. आणि रडले. खोटं कशाला सांगू, चुलीपुढे बसून चांगली हमसून रडले.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात ह्यांचे एक सोबती आले. लहानपणापासूनचे मित्र, गुडघ्यांनी अधू, साखरेचे जुने दुखणेकरी, पारावर रोज ह्यांच्या शेजारी. हे बाजारात गेले होते. सोबती ओटीवर टेकले आणि मला म्हणाले, "वैनी, तुमची ती गोळी आनखी हाय का?"

"कुठली गोळी?"

"ती ओ, जादूची. पयल्या गोळीनं गुडघं असं चाललं की मी बांधावरून उडी मारली! पन परवा साखर तपासली तर आमचा डॉक्टर लय वरडला. म्हनं काय खाल्लंस? मी म्हनलं, काय नाय. आता साखर उतरली, तर म्हनलं आनखी एक बघावी."

माझ्या हातातली विळी तशीच राहिली. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. माझे हात वर गेल्यावर ह्यांची छाती अशी फुगली की पारावर जाऊन मोठ्या नावासकट सगळी कथा सांगितली. मग कोणी गुडघा पुढे केला, कोणी पाठ, कोणी मान. आणि ह्यांनी खिशातून पाकीट काढलं. एकेकाला एकेक. ज्याला गुण आला त्याला आणखी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! गोळ्या कमी पडायला लागल्या तेव्हा दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला चिठ्ठीवरच्या तेवढ्या देऊन झाल्यात, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरणीला विचारायचं तोंड नाही. मग ह्यांनी काय शक्कल लढवावी? उरलेल्या गोळ्यांचे सुरीनं दोन-दोन तुकडे केले आणि मला रोज अर्धी द्यायला लागले. आणि मी डोळे मिटून गिळत होते!

हे बाजारातून आले. मी सोबत्यांना जाऊ दिलं नव्हतं, समोर बसवून ठेवलं होतं. ह्यांनी त्यांना बघितलं, मला बघितलं, विळी बघितली.

"अहो, वाटलंत? माझं औषध वाटलंत? लाडू होते का ते?"

हे खाली बसले. सोबती चपला शोधायला लागले.

"तू विरजण मागायला आलेल्या बाईला कधी नाय म्हणालीस?" हे हळूच म्हणाले. "माणसं कळवळून मागत होती गो. चांगली वस्तू आपल्याकडे हाय आणि समोरचा दुखण्यानं वाकलाय. माझ्या तोंडून ‘नाय’ निघेना."

 आमच्या वाडीत विरजण, बियाणं, कलमाची काडी, जे चांगलं असेल ते मागितलं की द्यायचं, ही माझ्या सासूची शिकवण, आणि ती मी ह्यांच्यापेक्षा जास्त पाळली होती. पण राग होता तो होताच. मी ह्यांना इतकं बोलले, इतकं बोलले की शेवटी दमले. आणि मग माझ्या डोळ्यांपुढे पारावरची ती सगळी म्हातारी एका ओळीत बांधावरून उड्या मारताना दिसली, आणि मला हसू फुटलं. रागाच्या मधोमध असं हसू आलं की खांदे दुखले म्हणून ओरडत होते आणि पुन्हा हसत होते.

डॉक्टरणीला फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, हे औषध विरजण नाही. साखरेच्या माणसाची साखर चढते, दुसऱ्या कोणाच्या पोटात जखम होते, आणि आजींचं एकदम कमी केलं तर त्यांना चक्कर येऊन पडायला होतं. ज्याचं त्याला, मोजून." हे फोनपुढे हात जोडून उभे होते, जसे काही तिला दिसत होते. आजपासून पुन्हा पूर्ण गोळी, म्हणाली, आणि भरपाई म्हणून जास्त घ्यायची नाही. मी विचारलं, "गौरीपर्यंत हात वर जातील?" ती म्हणाली, "जायला हवेत. वचन देत नाही."

ह्यांनी त्याच पावली छत्री उघडली आणि बाईनं फोनवर पाठवलेल्या नव्या चिठ्ठीवर गोळ्या आणायला पोलादपूरला गेले. येताना पारावर थांबले आणि ज्याच्या ज्याच्याकडे उरल्या होत्या त्यांच्याकडून गोळ्या काढून घेतल्या. कोणाच्या डबीत, कोणाच्या तंबाखूच्या पिशवीत. तंबाखूचा वास नाही अशी एकही नव्हती. मी सगळ्या टाकून दिल्या. आणि ज्यांनी ज्यांनी खाल्ल्या होत्या त्या सगळ्यांना ह्यांनी आपल्या डॉक्टरकडे जाऊन सांगायला लावलं. ती फेरी ह्यांची शिक्षा होती.

मुलगा आणि सून चतुर्थीच्या आदल्या दिवशी आले. सुनेला सगळं सांगितलं, तर ती आधी पोट धरून हसली आणि मग तिचे डोळे भरले. "आई, काकूंच्या मागून मी नाही करणार. नाहीच जमलं तर पुढच्या पूर्वाला करू. तोपर्यंत थांबेन मी."

"गप गो," मी म्हटलं. "पुढच्या पूर्वाला मी असेन का, ते त्या राखणदारांना विचार."

मग तिनं माझी तालीम घ्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या भिंतीला तोंड करून उभं राहायचं, रिकामं सूप दोन्ही हातांत, आणि भिंतीवरून घासत घासत वर न्यायचं. तिनं कोळशानं खूण केली होती. काल इथे, आज इथे. मोबाइलवर गाणं लावायची, स्वतःही सूप घेऊन शेजारी नाचायची. सुपांतला भुस्सा आमच्या डोक्यावर. हे दारातून डोकावले की दोघीही ओरडायचो, "बाहेर!" गौर घरी आली त्या दिवशी सूप हनुवटीच्या वर होतं. मुकुट अजून वीतभर लांब.

ओवशाच्या दिवशी मी उजाडायच्या आत उठले. कढत पाण्यानं अंघोळ, अंगणात फेऱ्या, खाऊन गोळी, अख्खी! आमच्याकडे ओवसा दुपारच्या आत उरकतात, म्हणजे माझ्या लाकडाच्या वेळेला. ह्यांनी अंबाडा घातला, असा घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या. जाऊबाई हिरवा शालू नेसून, नाकात नथ घालून, माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. हात कमरेवर नव्हते, पुढे होते. तयारीत.

मी सूप उचललं. अगं आई गं! तालीम रिकाम्या सुपाची झाली होती. ह्यात तांदूळ, फळं, ही एवढी काकडी! पहिल्या खेपेला सूप छातीशी आलं आणि थांबलं. मागून बायका कुजबुजल्या. जाऊबाईचा हात सरकला.

"आई, हळू," सून माझ्या पाठीशी उभी राहून म्हणाली. "घाई नाही. भिंत आहे समजा."

मी गौरीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाई, तूही माहेरवाशीणच आहेस, तुझेही हात कधी दुखले असतील. सूप वर गेलं. हनुवटी, नाक, कपाळ. खांद्यात कळ आली, पण ती सुटणारी कळ होती, धरणारी नव्हती. आता मला दोन्हींतला फरक कळत होता. आणि सूप मुकुटाला लागलं! दुसरी खेप, तिसरी, चौथी. पाचव्याला वरचं झाकण सूप कललं, काकडी निसटली आणि धप्पकन जाऊबाईच्या पायावर. तिनं "अगो माझी आय!" केलं, आणि ती स्वतःच हसायला लागली, मग सगळ्याच. बाप्ये दारापलीकडे थांबतात, पण तिथून ह्यांचा आवाज आला, कबड्डी बघताना येतो तसा, "शाब्बास! आता खाली घे, पुरे!"

मी सूप खाली ठेवलं आणि बाजूला झाले. माझ्या जागेवर सून उभी राहिली. तिनं सूप उचललं, एका झटक्यात मुकुटापर्यंत. माझ्या हातामागून. पाचही वेळा ती वर नेताना मला बघत होती, गौरीला नाही. पहिलं वाण माझ्या ओटीत घातलं आणि वाकली, तेव्हा मी तिला दोन्ही हातांनी धरून उठवलं आणि ह्या हातांचं काय करावं मला समजेना, म्हणून तिच्या गळ्यातच टाकले. दुसरं वाण जाऊबाईला गेलं. काकडीसकट. ती म्हणाली, "ताई, दुखनं खरंच होतं गो तुमचं." मी म्हटलं, "आता तुझा पाय दुखतोय ना, तेही खरंच."

गौर गेली, गणपती गेले, मुलगा-सून मुंबईला गेली. पुढच्या सकाळी मी उठले, माझी मी उठले. चहा झाला, भाकरी झाली, गोळी झाली. मग फणी घेतली, ह्यांच्यापुढे जाऊन पाठ करून बसले आणि केस मोकळे सोडले.

हे मागून म्हणाले, "परवा पाच वेळा सूप मुकुटापर्यंत गेलं. अख्ख्या वाडीनं बघितलं. हात जातात की आता तुझे वर."

"ते गौरीसाठी होतं."

"आणि हे?"

"हे माझ्यासाठी," मी फणी मागे धरून म्हटलं. "आणि ती संपाची गोष्ट अर्धीच राहिलीय. विंचरा."